आधी नीट शिकून घ्या

सकाळपासून सर्व्हर एकच आकडा तोंडावर फेकत होता: चारशे. दोनशे आला की समजायचं, पाठवलेलं पोचलं. चारशे म्हणजे, तुमचं पार्सल आम्हाला उघडता आलं नाही, घेऊन जा परत. ॲपवालीने तोच फोटो पुन्हा पाठवला, पुन्हा चारशे आला, आणि तिने फोन टेबलावर पालथा घातला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, सर्व्हरवाली बसली होती. तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं की तो चारशे तिने पाहिलाय आणि तिला त्यात काहीही वावगं वाटलेलं नाही.

ही दोन नावं ॲपवालीच्या नवऱ्याने पाडलेली. गिऱ्हाइकासमोर 'माझी बायको' आणि 'माझी बहीण' म्हटलं की धंदा घरगुती वाटतो, असं त्याचं म्हणणं होतं. आता धंदा घरगुतीच होता, त्याला तो तरी काय करणार. थोरल्या बहिणीने तो आपल्या राहत्या घराच्या हॉलमध्ये सुरू केला, भाऊ त्यात आला, आणि लग्नानंतर भावजयही आली. त्याने कामं आणायची, बायकोने फोनवर चालणारं ॲप लिहायचं, बहिणीने ते ज्याच्याशी बोलतं तो सर्व्हर सांभाळायचा, आणि संध्याकाळी तिघांनी एका टेबलावर बसून जेवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड होतं.

हाती आलेलं काम मात्र चांगलं होतं. घरोघरी जाऊन जखमांवर पट्ट्या करणाऱ्या नर्सची एक संस्था होती. नर्सने पट्टी बदलायची, जखमेचा फोटो काढायचा, खाली दोन ओळींची नोंद लिहायची आणि दोन्ही फोनवरूनच डॉक्टरांकडे पाठवायचं. पहिला आठवडा परीक्षेचा, मग पक्का करार. संस्थेने आपल्या माणसांनाही बजावलं होतं की महिनाअखेर ज्यांना हे जमणार नाही, त्यांना पुढे काम मिळणार नाही. आणि त्या नर्समध्ये ॲपवालीची आई होती.

आईने उभा जन्म लोकांच्या जखमा धुण्यात घालवला. पू, वास, रडारड, शिव्या, कशालाही ती बिचकली नाही. फोनला मात्र बिचकायची. तो ती गरम झाकणासारखा दोन बोटांत धरायची आणि लवकरात लवकर खाली ठेवायची. तिचं काम सुटलं असतं तर खायचे वांधे झाले नसते, पण आई घरात बसली असती. घरात बसलेली आई कशी असते ते ॲपवालीने वडील गेल्यानंतर पाहिलं होतं. पडदे ओढलेले, कपातला चहा गार, आणि विचारलं की 'काही नाही गं'. त्या काळात सकाळी कुणाची तरी पट्टी बदलायची असते, एवढ्याच कारणाने आई अंथरुणातून उठायची. म्हणून हे ॲप लिहिताना लेकीने बटणं मोठी केली, अक्षरं मोठी केली, आणि आईला ठासून सांगितलं की माझंच ॲप आहे, त्यात घाबरायचं काय. आईने तिच्यावर विश्वास ठेवला.

आणि नेमकं फोटोपाशी घोडं अडलं होतं.

सर्व्हरला काहीही पाठवायचं म्हणजे वर लेबल लावावं लागतं, आत काय आहे ते सांगणारं. नुसता मजकूर असेल तर एक लेबल, चित्र असेल तर दुसरं. लेबल वाचून सर्व्हर ठरवतो की पार्सल कसं उघडायचं. नर्सची नुसती नोंद जायची ती साध्या मजकुराची, तिचं काही अडत नव्हतं. फोटो आणि नोंद एकत्र पाठवायचे तर पार्सलला कप्पे करावे लागतात. ॲपवालीने आधी कप्प्यांची भानगडच टाळली होती. फोटोचंही अक्षरांत रूपांतर केलं आणि सगळं मजकुराच्या लेबलाखाली कोंबलं. सर्व्हरवालीने ते परत पाठवलं. असा फोटो फुगतो, मला असलं ओझं चालणार नाही, कप्पे कर. म्हणणं बरोबर होतं. फक्त ते तिने खुर्ची वळवून सांगितलं नाही, भावाकरवी कळवलं.

कारण दोघींचं बोलणं बंद होतं. झालं असं, की जेवायला पाहुणे आले होते, त्यांनी कौतुकाने विचारलं, घरात कोण काय करतं. नणंद वाढता वाढता म्हणाली, "सर्व्हर मी लिहिते. ही बटणं रंगवते." पाहुणे हसले. नवराही हसला, त्याला वाटलं विनोद आहे. ॲपवाली पानावरून उठली नाही, तेवढी रीत तिने पाळली, पण त्या दिवसापासून नणंदेशी तिचा जो काही व्यवहार झाला तो नवऱ्यामार्फत. 'ताईंना सांग, मीठ इकडे सरकवा.' नवरा मीठ सरकवायचा आणि म्हणायचा, मला पगार वाढवून द्या.

नवरा दिवसभर बाहेर असायचा, तेव्हा भांडण सर्व्हरमार्फत चालायचं. चारशेबरोबर सर्व्हरला एक वाक्यही पाठवता येतं. काय चुकलं ते समोरच्याला कळावं म्हणून ते असतं. सर्व्हरवालीने त्याचा उपयोग टोमणे मारायला केला. आधी आलं, 'हे काय पाठवलंय?' मग आलं, 'वर एक, आत भलतंच.' ॲपवालीने दात-ओठ खाऊन कप्पे केले, लेबल स्वतःच्या हाताने जपून, एकेक अक्षर तपासून लिहिलं आणि पाठवलं. चारशे. सोबत नवं वाक्य होतं: 'आधी नीट शिकून घ्या, मग पाठवा.'

तीही काही कमी नव्हती. प्रत्येक पार्सलबरोबर ॲपला स्वतःची ओळख सांगावी लागते. त्या जागी ॲपचं नाव काढून तिने लिहिलं, 'बटणं रंगवणारीकडून सप्रेम.' दर वेळी ते सर्व्हरवालीच्या पडद्यावर उमटायचं. आणि आणखी एक गोष्ट तिने केली, ती करायला नको होती. सर्व्हर काय म्हणाला ते वापरणाऱ्याला जसंच्या तसं दाखवायचं नसतं, हे या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात. माणसाला सभ्य शब्दांत सांगायचं की फोटो गेला नाही, थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. तिला हे पाठ होतं. पण तिला नवऱ्याला दाखवायचं होतं की तुझी बहीण कामाच्या नावाखाली काय काय लिहिते. म्हणून तिने सर्व्हरचं वाक्य थेट ॲपच्या पडद्यावर, त्याच मोठ्या अक्षरांत आणून ठेवलं. नवऱ्याने ते पाहिलं, म्हणाला, "तुम्ही दोघी म्हणजे कमाल आहात," आणि आंघोळीला गेला. ती ओळ तशीच राहून गेली.

एवढं सगळं त्या सकाळपर्यंत होऊन गेलं होतं. ॲपवालीने फोन पुन्हा सुलटा केला. लेबल बरोबर होतं. कप्पे बरोबर होते. तिने सगळं पहिल्यापासून वाचून काढलं आणि तिची खात्री पटली की सर्व्हरच आडमुठा आहे, आपल्या मालकिणीवर गेलाय. नवरा म्हणाला होता की परीक्षेचा आठवडा सोमवारपासून, म्हणजे अजून दोन दिवस हातात होते. तोवर ताईंचं डोकं ठिकाणावर आलं तर ठीक, नाहीतर सोमवारी त्याच तोंडावर पडतील. आपण आपलं काम केलंय, असं तिने स्वतःला बजावलं. ते खरं नाही हे तिला आत कुठेतरी माहीत होतं, आणि त्यामुळे राग आणखीच वाढत होता.

मधे आईचा फोन येऊन गेला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आईने सहज विचारावं तसं विचारलं, तुमच्या ओळखीत फोन शिकवणारं कुणी आहे का गं. लेकीचं लक्ष पडद्यावरच्या चारशेकडे होतं. बघते हं, म्हणून तिने फोन ठेवला आणि विसरली.

दुपारी नवरा घरी आला तो चपला न काढताच दारात उभा राहिला. हा माणूस वाईट बातमी चपला घालूनच सांगायचा, लगेच परत बाहेर पडता यावं म्हणून.

"संस्थेतून फोन होता," तो म्हणाला. "एका नर्सने काम सोडलं. ॲप झेपत नाही म्हणाली."

"अजून सुरू कुठे झालंय?" ॲपवाली म्हणाली.

मग त्याला सांगावंच लागलं. संस्थेच्या मुख्य बाई घाई करत होत्या, म्हणून त्याने सोमवारची वाट न पाहता बुधवारीच सगळ्यांच्या फोनवर नवं ॲप पाठवून दिलं होतं. नोंदी तर जाताना दिसत होत्या, त्यामुळे फोटोही जात असतील असं तो धरून चालला. या दोघींना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर दोघींनी नाही म्हटलं असतं, आणि नुसतं नाही नव्हे, त्याच्यामार्फत एकमेकींना म्हटलं असतं.

"कुठली नर्स?" सर्व्हरवालीने भिंतीला विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. "आई," तो म्हणाला. "हिच्या."

ॲपवालीने त्याला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवला. आई नेहमीच्या आवाजात बोलली. गुडघे दुखतात हल्ली, जिने चढवत नाहीत, कधीतरी थांबायचंच होतं. बाईंनी थांबवण्याआधी आपणच थांबलेलं बरं, असं तिने ठरवलं होतं.

"आई, फोटो पाठवलास की फोनवर काय येतं?"

"जाऊ दे गं आता. झालं ते झालं."

"वाच. काय येतं ते वाच."

चष्म्याची डबी उघडल्याचा आवाज आला. औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसं आईने सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "आधी नीट शिकून घ्या, मग पाठवा." आणि लगेच घाईघाईने म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. मीच काहीतरी भलतं दाबत असणार. त्या शिंप्याच्या टाचेच्या जखमेचा फोटो रोज काढला, रोज हेच. शेजारणीकडून पुन्हा शिकले. घरी टेबलाच्या पायाचे फोटो काढून सराव केला. तरी तेच. यंत्रालासुद्धा कळलं बघ, हिला येत नाही ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या सासरचं काम ते. मी कशाला त्यात खोट काढू? तुझ्या नणंदेला वाटायचं, हिच्या आईने तक्रार केली."

हॉलच्या टोकाला खुर्ची वळली. कित्येक दिवसांत ॲपवालीला सर्व्हरवालीचं तोंड पहिल्यांदाच समोरून दिसलं. ते पांढरंफटक पडलं होतं. आता हिला असं झोडपावं की आयुष्यभर आठवण राहावी, या विचाराने ॲपवालीने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला आठवलं की ते वाक्य सर्व्हरमधून उचलून आईच्या डोळ्यांपुढे मोठ्या अक्षरांत कुणी ठेवलं होतं. रागवायला माणूस समोर होतं आणि रागवायची सोय उरली नव्हती. तिने फोन बंद केला आणि पिशवीत लॅपटॉप टाकला. सर्व्हरवालीनेही आपला लॅपटॉप मिटला. नवरा म्हणाला, मीही येतो. दोघी एकदमच नको म्हणाल्या.

बसमध्ये त्या मागेपुढे बसल्या. उतरताना ॲपवालीच्या पिशवीचा बंद सीटच्या कडेला अडकला. नणंदेने तो सोडवून दिला आणि हात चटकन मागे घेतला, चोरी करताना पकडलं गेल्यासारखा.

आईच्या घरी दार उघडंच होतं. टेबलावर गणवेश धुऊन, इस्त्री करून, घडी घालून पिशवीत भरलेला होता, संस्थेत परत द्यायला. शेजारी तिची कात्री, चिमटे, पट्ट्यांचा डबा, सगळं उकळून पुसून कापडात बांधलेलं. पडदे ओढलेले होते. नणंद बरोबर आहे हे दिसताच आई लगबगीने उठली, खुर्ची पुसली, चहा ठेवला. लेकीच्या नणंदेसमोर ती नेहमीच अशी अवघडून जायची.

"तुम्ही कशाला त्रास घेतलात, ताई," कप पुढे करत आई म्हणाली. "आधीच तुमच्या सर्व्हरला मी फार छळलं. सारखा सारखा तोच फोटो. वैतागला असेल."

सर्व्हरवालीने कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. "ते वाक्य मी लिहिलं होतं," ती म्हणाली.

"चांगलं केलंत. कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं होतं."

"तुम्हाला नव्हतं लिहिलं. हिला लिहिलं होतं."

आईने लेकीकडे पाहिलं, मग परत नणंदेकडे, आणि तिचं सगळं अवघडलेपण गेलं. रोग्याचा नातेवाईक मधे मधे करायला लागला की त्याला खोलीबाहेर घालवतानाचा जो तिचा आवाज, त्या आवाजात ती बोलली.

"मला बोललात ते मी ऐकून घेतलं. माझं वय झालंय, मला येत नाही, खरं आहे ते. पण हिला? ही दिवसभर त्या पडद्यात डोळे घालून बसते. तुमच्याच घरात, तुमच्याच खोलीत. आणि तुम्ही पाठ फिरवून बसता आणि हिला लिहून कळवता, शिकून घ्या?"

नणंद मान खाली घालून ऐकत होती. ॲपवालीला आतून असं ऊबदार वाटलं की क्षणभर सगळं विसरायला झालं. कुणीतरी तिची बाजू घेतली होती, तिच्या वतीने, खणखणीत. पण ते सुख फार टिकलं नाही, कारण आई आता तिच्याकडे वळली.

"आणि ते माझ्या फोनवर कसं आलं?"

तिला सांगावं लागलं. नवऱ्याला दाखवण्यासाठी केलेली ती ओळ, आणि नणंदेला पाठवलेलं ते 'सप्रेम'. बोलताना तिला स्वतःचाच आवाज पोरकट वाटत होता.

आई टेबलाशी बसली. "म्हणजे तू लिहिलेलं यांनी वाचलं," ती म्हणाली, "यांनी लिहिलेलं मी वाचलं. आणि शिंप्याची टाच डॉक्टरांनी पाहिलीच नाही."

आईने मग सांगितलं ते असं, की टाचेला वास यायला लागला होता. नोंदीत तिने तसं लिहिलं, फोटो बघा म्हणून लिहिलं, आणि फोटो काही जाईना. शेवटी तिने डॉक्टरांना सरळ फोन केला आणि त्यांनी औषध बदललं. टाच वाचली. पण फोन करावा लागला म्हणजे आपल्याला ॲप येत नाही हे सिद्धच झालं, असं तिने मनाशी धरलं आणि संस्थेला कळवून टाकलं. हे सांगताना तिचा आवाज प्रथमच हलला. "मला वाटलं, माझे दिवस संपले," ती म्हणाली.

सर्व्हरवालीने कप खाली ठेवला, संस्थेच्या मुख्य बाईंचा नंबर मागितला आणि तिथेच फोन लावला. तिला गोड बोलता येत नाही, ते त्या दिवशी बरं झालं. आडवळण न घेता तिने सांगितलं की फोटो जात नव्हते ही चूक आमची आहे, तुमच्या एकाही नर्सची नाही, आणि या आठवड्यावरून कुणालाही जोखू नका. पलीकडून विचारणा झाली, म्हणजे तुमचं ॲप चालत नाही असं समजायचं का. सर्व्हरवालीने भावजयीकडे पाहिलं. भावाने या कामासाठी किती उंबरे झिजवले होते ते दोघींना माहीत होतं. "फोटोच्या बाबतीत, आजपर्यंत नाही," ती म्हणाली. कराराचं आम्हाला पुन्हा बघावं लागेल, असं बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. आईने सोमवारी यायला हरकत नाही. तसाही तो शिंपी नव्या नर्सला टाचेला हात लावू देत नव्हता, आमच्या नेहमीच्या बाई कुठे आहेत म्हणून अडून बसला होता.

फोन ठेवल्यावर सर्व्हरवाली म्हणाली, "बंड्याला मी सांगते." बंड्या म्हणजे भाऊ.

आईने चहाचे कप उचलले आणि टेबल मोकळं केलं. "बसा आता इथे," ती म्हणाली. "काय ते नीट करा. आणि लिहून नाही, तोंडाने बोला."

दोघी एकाच बाजूला, भिंतीलगतच्या बाकावर बसल्या, कारण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आईचा पट्ट्यांचा संसार होता. लॅपटॉप उघडले.

"लेबलवर खूण नव्हती," सर्व्हरवाली म्हणाली.

"कसली खूण?"

"दोन कप्प्यांच्या मधे खूण असते ना. ती कुठली आहे ते लेबलवर लिहावं लागतं, नाहीतर मला कळत नाही कुठे कापायचं. तू लेबल हाताने लिहितेस, त्यात ती राहून जाते. तू काहीच लिहू नकोस. पाठवताना ते आपोआप बरोबर लागतं."

ॲपवालीने आपली ती ओळ पाहिली. जपून, एकेक अक्षर तपासून लिहिलेली. काढून टाकायची होती, बस एवढंच. इतके दिवस, इतकी डोकेफोड, इतके टोमणे, आणि शेवटी निघालं काय तर आपण नको तिथे जास्त काळजी घेतली. तिला रडू यायला लागलं आणि त्या रडण्याचाही तिला संताप आला.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"पहिल्यांदा आलं तेव्हाच."

"आणि सांगितलं नाहीत."

"तू विचारशील म्हणून थांबले." सर्व्हरवालीने चष्मा काढला, उगाचच पुसला. "सांगायला हवं होतं. ते वाक्य त्यासाठीच असतं. आणि त्या दिवशी जेवताना बोलले, तेही बोलायला नको होतं. तू पानावरून उठली नाहीस, मला वाटलं तुला लागलं नाही."

"लागलं होतं," ॲपवाली म्हणाली.

"हं," नणंद म्हणाली.

यापुढे दोघी फक्त कामाचं बोलल्या, पण बोलल्या. ॲपवालीने लेबलाची ओळ काढली, सर्व्हरचं वाक्य पडद्यावर दाखवणारी ओळ काढली, तिथे साधं लिहिलं की फोटो गेला नाही, आम्ही बघतोय, आणि ओळखीच्या जागी ॲपचं खरं नाव परत घातलं. सर्व्हरवालीने तिकडचे टोमणे एकेक करून पुसले आणि काय चुकलं, कुठे चुकलं ते लिहिलं. एकदा एकीचं काम बाकी असताना दुसरीने पाठवून पाहिलं आणि परत चारशे आला. दोघी एकदम एकमेकींवर खेकसल्या, आणि आई खाकरल्यावर गप्प झाल्या. मग नवं ॲप आईच्या फोनवर घातलं.

"फोटो कशाचा काढू?" आईने विचारलं. "इथे कुणाला जखम नाही."

कशाचाही काढ, असं लेकीने सांगितलं. आईने फोन दोन बोटांत धरला, थोडी मागे सरकली, डोळे बारीक केले आणि बटण दाबलं. नोंद लिहिल्याशिवाय फोटो पुढे जात नाही, ही लेकीचीच सोय होती. म्हणून आई खुर्चीवर बसली आणि एका बोटाने, ओठ हलवत, लिहू लागली. तिला फार वेळ लागला. दोघी लॅपटॉपकडे बघत बसून राहिल्या. कुणी तिला घाई केली नाही. शेवटी तिने बोट टेकवलं, फोन खाली ठेवला आणि पडदे सरकवून गणवेशाची पिशवी सोडायला घेतली.

"गेलं का?" तिने पाठमोरीच विचारलं.

"दोनशे," सर्व्हरवाली म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मिळालं."

तिने फोटो उघडला. एका बाकावर दोन बायका बसल्या होत्या, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून, दोघींची तोंडं सुजलेली. खाली डॉक्टरांसाठीच्या रकान्यात आईने नेहमीसारखं थोडक्यात लिहिलं होतं. ॲपवालीने ते वाचलं, आणि शेजारी नणंदही वाचतेय हे तिला तिच्या श्वासावरून कळलं.

'जखम जुनी. वरून सुकल्यासारखी वाटते, आत ओली आहे. हात लावल्यास दुखते. झाकून ठेवू नये. रोज उघडून बघणे.'